डिकीतला पाचवा: स्टेपनी बाकीच्या चार टायरांसारखीच असायला हवी का?

(हा भाग ऐकायला वेळ नसेल, किंवा लोकलमध्ये इयरफोन विसरला असाल, तर हा घ्या लिखित अवतार. बोलताना घातलेले "म्हणजे" आणि "ॲक्चुअली" जमतील तेवढे काढलेत.)

आजचा विषय तुमच्या गाडीच्या डिकीत, कार्पेटखाली झोपलेला आहे. तुम्ही त्याच्याकडे शेवटचं कधी पाहिलंत? खरं सांगा. मीही पाहिलं नव्हतं. आमच्या बाबांनी सात वर्षांत पाहिलं नव्हतं. आणि त्या न पाहण्यामुळे आमच्या घरी एका माणसावर चोरीचा आळ आला. म्हणून हा भाग.

झालं असं. २०२३ चा डिसेंबर. नागपूरला आतेभावाचं लग्न उरकून आम्ही नाशिकला परत निघालो होतो. बाबा, आई, आजी आणि मी. गाडी बाबांची, २०१६ सालची, टॉप मॉडेल, पंधरा इंची अलॉय. चालवत मी होतो. समृद्धी महामार्गावर मेहकर मागे पडलं आणि मागचं उजवं चाक बसलं. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते, अंधार पडत आलेला. गाडी कडेला घेतली, आई-आजीला उतरवून रेलिंगपलीकडे उभं केलं, डिकीतलं सगळं सामान, आहेराच्या पिशव्या, लाडवांचे डबे खाली काढले आणि कार्पेट उचललं.

आत स्टेपनी होती, पण ती आमच्या बाकीच्या चाकांसारखी नव्हती. काळी लोखंडी डिस्क, अलॉय नाहीच. टायर बारीक. मोबाइलचा टॉर्च मारून बघितलं तर बाजूला लिहिलेलं: १६५/८० आर १४. बाकीचे चार होते १८५/६५ आर १५. म्हणजे रिमसुद्धा एक इंच लहान.

बाबा दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "ही आपली नाहीच. बदलली कोणीतरी." आणि लगेच कोणीतरीला नाव मिळालं. नाशिकला आमचे एक गॅरेजवाले काका आहेत. वीस वर्षं बाबांच्या सगळ्या गाड्या त्यांच्याकडेच. बाबांच्या मते सर्व्हिसिंगला गाडी दिली तेव्हा काकांनी नवी कोरी अलॉयची स्टेपनी काढून घेतली आणि कुठल्यातरी स्वस्त गाडीची आत टाकली. "वीस वर्षं विश्वास टाकला त्याच्यावर," बाबा म्हणाले. पंक्चरपेक्षा याच गोष्टीनं ते जास्त खचलेले दिसले.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. गाडीतलं मला कळतं तितपतच. पण एक सवय लागलीय, आधी डॉक्युमेंटेशन उघडायचं. ग्लोव्ह बॉक्समध्ये मॅन्युअल होतं, सात वर्षं प्लॅस्टिकमध्येच. उघडलं. त्यात आमच्या मॉडेलसमोर स्पष्ट छापलेलं: स्पेअर १६५/८० आर १४, लोखंडी रिम, तात्पुरत्या वापरासाठी, वेग ८० च्या आत. म्हणजे कोणी काही चोरलं नव्हतं. गाडी कारखान्यातूनच तशी आली होती.

बाबांना पटेना. "छापलं असेल. पण असं कसं चालेल? स्टेपनी म्हणजे पाचवं चाक. पाचही सारखीच पाहिजेत. हा साधा नियम आहे."

तर मंडळी, आजचा भाग या साध्या नियमाबद्दल आहे. हा नियम आला कुठून? तो खरा आहे का? आणि खरा असेल तर कंपन्या तो का मोडतात? मी शोधायला लागलो तेव्हा कळलं की बाबा चुकीचे नव्हते. ते फक्त एका विशिष्ट काळाचं बरोबर उत्तर देत होते.

वेल्समधली एक गल्ली

सुरुवात शब्दापासून. आपण "स्टेपनी" म्हणतो. अमेरिकन माणसाला हा शब्द कळत नाही, आजच्या इंग्लंडमधल्या बहुतेकांनाही नाही. ते "स्पेअर" म्हणतात. मग आपल्याकडे पंक्चरवाल्यापासून मंत्र्याच्या ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांच्या तोंडी हा शब्द कुठून आला?

वेल्समध्ये लॅनेली नावाचं गाव आहे. पत्र्यावर कथिलाचा मुलामा देण्याच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध, इतकं की त्याला टिनोपोलिस म्हणायचे. त्या गावात स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. लंडनमध्येही स्टेपनी नावाचा भाग आहे, पण आपला शब्द तिथला नाही, या लॅनेलीच्या रस्त्यावरचा. १९०४ साली तिथे थॉमस मॉरिस डेव्हिस आणि त्याचा भाऊ वॉल्टर यांनी एक वस्तू बाजारात आणली. नाव दिलं स्टेपनी स्पेअर व्हील.

ती वस्तू काय होती हे समजण्यासाठी तेव्हाची गाडी डोळ्यांसमोर आणा. चाकं लाकडी आऱ्यांची, घोडागाडीच्या जातीची. ती आजच्यासारखी चार नट सोडून हातात येत नसत. हवेचा टायर तसा नवाच. डनलॉपनं बेलफास्टमध्ये सायकलसाठी तो केला १८८८ मध्ये. मोटारीवर तो चालतो हे दाखवायला मिशेलिन बंधू १८९५ च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत उतरले. वाटेत पंक्चरवर पंक्चर. त्या शर्यतीत सगळ्यांत आधी पोचलेला लव्हासोर भरीव रबरी टायरांवर गेला होता, सुमारे ४९ तासांत. म्हणजे हवेचा टायर आरामदायी, पण भरवशाचा नाही. त्यात रस्त्यावर घोड्यांच्या नालांचे खिळे पडलेले. पंक्चर झालं की रस्त्यातच बसून लिव्हरनं टायर उचकटायचा, ट्यूब काढायची, ठिगळ लावायचं, परत चढवायचं, हातानं हवा भरायची. पाऊस असेल तर पावसात.

आणि गाडीसोबत पाचवं चाक मिळतच नसे. द्यायची पद्धतच नव्हती.

डेव्हिस बंधूंची आयडिया भारी होती. त्यांनी चाक बदलायचा नादच सोडला. त्यांनी बनवली फक्त एक रिम, आरे नसलेली, तिच्यावर आधीच हवा भरलेला टायर. पंक्चर झालं की बसलेलं चाक तिथेच ठेवायचं आणि त्याच्या बाहेरच्या बाजूला ही रिम शिकंज्यांनी घट्ट आवळायची. मूळ चाक फिरेल, स्टेपनी त्याला चिकटून फिरेल, वजन स्टेपनीवर. घरी जा, मग निवांत ठिगळ लावा.

आता आपला प्रश्न आठवा: स्टेपनी बाकीच्या टायरांशी मॅच व्हायला हवी का? जगातली पहिली स्टेपनी कशाशीच मॅच होत नव्हती! ती चाकसुद्धा नव्हती. ती चाकाला बांधलेली कुबडी होती. पाय मोडल्यावर आपण कुबडीला विचारत नाही की तू दुसऱ्या पायासारखी दिसतेस का. घरापर्यंत पोचवतेस का, एवढंच विचारतो.

ती तुफान खपली. १९०९ पर्यंत लंडनच्या सगळ्या टॅक्सींना आपली स्टेपनी आहे असा कंपनीचा दावा होता. ब्रिटिश साम्राज्यात ती सगळीकडे गेली, भारतातही. मग वस्तू गेली, शब्द राहिला. आपल्याकडे राहिला, बांगलादेशात राहिला, माल्टात राहिला. ब्राझीलमध्ये पोर्तुगीज बोलणारा माणूस स्पेअर चाकाला "एस्तेपे" म्हणतो, ती आपलीच स्टेपनी. लॅनेलीतल्या एका रस्त्याचं नाव सोलापूरच्या आणि साओ पावलोच्या पंक्चरवाल्याच्या तोंडात!

पाचही सारखी: बाबांचा काळ

मग "पाचही सारखी" हा नियम कधी आला? जेव्हा चाक सुटं झालं तेव्हा.

१९०८ च्या आसपास कॉव्हेंट्रीच्या रज-व्हिटवर्थ कंपनीची तारांच्या आऱ्यांची चाकं आली, मधला एक मोठा नट सोडला की अख्खं चाक हातात. अमेरिकेत निघणाऱ्या रिमा आल्या. आता बसलेलं चाक काढून त्या जागी दुसरं लावता येणार होतं. पण दुसरं कुठलं? त्या जागी बसेल असं. इथे पहिल्यांदा "मॅच" हा प्रश्न जन्माला आला.

आणि तेव्हा तो किती किचकट होता बघा. फोर्ड मॉडेल टी, जगात लाखांनी खपलेली गाडी. तिचे पुढचे टायर होते ३० गुणिले ३ इंच आणि मागचे ३० गुणिले साडेतीन. म्हणजे गाडीचेच चार टायर एकमेकांशी मॅच नव्हते! एक स्पेअर ठेवाल तर तो पुढे बसेल किंवा मागे. १९१९ मध्ये फोर्डनं सुट्या रिमा दिल्या, तेव्हा चारही जागी ३० गुणिले साडेतीन झालं. त्यानंतर एक स्पेअर कुठेही चालेल असं झालं.

पुढे लोखंडी डिस्क, चार-पाच नट, आणि कारखान्यातूनच मिळणारं पाचवं चाक. ते आधी गाडीच्या बाजूला मडगार्डवर किंवा पाठीवर टांगलेलं असायचं, मग आत गेलं. डेव्हिस बंधूंच्या वस्तूची गरजच संपली. जाता जाता, आपण ज्याला डिकी म्हणतो तो शब्दही जुन्या गाड्यांच्या मागे उघडणाऱ्या "डिकी सीट"वरून आलाय. तिथली सीट गेली, सामान आलं, नाव तेच.

आपल्याकडची अँबॅसिडर आणि फियाट, म्हणजे नंतरची प्रीमियर पद्मिनी, या काळाच्या गाड्या. माझे मामा मुंबईत काळी-पिवळी चालवायचे. कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली पद्मिनी. (त्या मॉडेलच्या टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून ३० ऑक्टोबर २०२३ ला अधिकृतपणे गेल्या.) मामांकडे स्टेपनी म्हणजे पाचवा कामगार. चार कामावर, एक सुट्टीवर, आणि सुट्टी आळीपाळीनं. ठरावीक किलोमीटरनंतर स्टेपनी पुढे, पुढचा मागे, मागचा डिकीत. पाचही टायर सारखे झिजायचे. यात हुशारी होती: पाचपैकी कुठलाही कुठेही लावा, उंची सारखीच.

बाबांनी गाडी चालवायला मामांच्याच पद्मिनीवर शिकली. तो नियम त्यांच्या हातात बसला तो तिथे.

नियम कधी जिवावर बेततो

आता या नियमातला सगळ्यांत गंभीर भाग. १९४० च्या दशकाच्या शेवटी मिशेलिननं रेडियल टायर बाजारात आणला. जुन्या टायरमध्ये आतले दोर तिरके, एकमेकांवर फुली मारल्यासारखे असायचे. रेडियलमध्ये ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि वर पट्ट्याचे थर असतात. दिसायला दोन्ही काळे, गोल. वागायला पूर्ण वेगळे. वळणावर जुना टायर एका पद्धतीनं वाकतो, रेडियल दुसऱ्या. एकाच धुरीवर एका बाजूला हा आणि दुसऱ्या बाजूला तो असेल तर वळणावर गाडीचे दोन पाय दोन वेगळी गाणी म्हणतात. म्हणून एका धुरीवर हे दोन प्रकार मिसळायचे नाहीत हा नियम जगभर झाला.

आणि लोक तो मोडायचे कुठे? स्टेपनीत. चार नवे रेडियल घेतले, पैसे संपले, जुना टायर डिकीत "पडू दे, कामाला येईल". मामांनीही तेच केलं होतं. पावसात एकदा मागची स्टेपनी बदलून निघाले आणि पहिल्याच वळणावर गाडीचा मागचा भाग भलतीकडे निघाला. कोणाला लागलं नाही. त्यानंतर मामा म्हणायचे, "डिकीतला टायर पण चालणाऱ्या टायरासारखाच पाहिजे." बाबांनी ते वाक्य ऐकलं होतं. तर हा नियम बाबांचा हट्ट नव्हता, तो भीतीतून आलेला अनुभव होता.

मग स्टेपनी परत लहान का झाली?

१९६७ च्या सुमारास अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कॅमेरो आणि फायरबर्ड या गाड्या आल्या. दिसायला देखण्या, डिकी एवढीशी. त्यांच्यासाठी बी. एफ. गुडरिचचा "स्पेस सेव्हर" नावाचा टायर पर्याय म्हणून मिळायचा. हवा काढून घडी केलेला. गरज पडली की सोबतच्या गॅसच्या डबीनं फुगवायचा.

मग १९७३ चं तेलसंकट. अमेरिकेत १९७५ मध्ये इंधन वाचवण्याचा कायदा झाला, कंपन्या गाडीतला किलो-किलो काढायला लागल्या. वर्षातून एकदाही न लागणारं जड चाक कशाला वाहायचं? सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आला आजचा बारीक, "डोनट" म्हणतात तो टायर. त्यात हवा साधारण ६० पीएसआय, नेहमीच्या टायरच्या जवळपास दुप्पट. कारण टायर लहान, आत हवा कमी, आणि वजन मात्र तेवढंच उचलायचं. वेगाची मर्यादा ८० किलोमीटर. रंगही मुद्दाम वेगळा किंवा वर भडक स्टिकर. म्हणजे इथे मॅच न होणं ही चूक नाही, तो इशारा आहे. तुम्ही विसरू नये की कुबडीवर चालताय.

थोडक्यात, १९०४ ची कुबडी पंच्याहत्तर वर्षांनी परत आली.

मॅच म्हणजे नेमकं काय मॅच?

आता परत मेहकरला येऊ. मी रस्त्याच्या कडेला मोबाइलवर हिशोब मांडला. तुम्हीही करू शकता, दहावीचं गणित आहे.

आमचा मोठा टायर १८५/६५ आर १५. म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची भिंत त्याच्या ६५ टक्के, म्हणजे १२०.२५. वर-खाली दोन भिंती मिळून २४०.५. पंधरा इंची रिम म्हणजे ३८१. एकूण उंची ६२१.५ मिलिमीटर.

स्टेपनी १६५/८० आर १४. भिंत १६५ च्या ८० टक्के, १३२. दोन मिळून २६४. चौदा इंची रिम ३५५.६. एकूण ६१९.६.

फरक किती? दोन मिलिमीटरसुद्धा नाही!

रिम लहान, पण भिंत उंच. रुंदी कमी, पण चाकाची उंची तीच. कंपनीनं आकडे उगाच निवडलेले नव्हते.

आता मजा बघा. आमचे चार टायर झिजलेले होते. नव्या टायरला साधारण आठ मिलिमीटर खोल नक्षी असते. आमच्याकडे तीनच उरली होती. म्हणजे सगळीकडून पाच मिलिमीटर गेले, उंचीत दहा कमी. ६२१.५ वजा १०, म्हणजे ६११.५. समजा बाबांना हवी तशी, हुबेहूब तोच साइज, तीच कंपनी, अलॉयसकट कोरी स्टेपनी निघाली असती, तर तिच्यात आणि झिजलेल्या टायरांत दहा मिलिमीटरचा फरक पडला असता. या "चोरीच्या" स्टेपनीत फरक पडला आठचा. जी अजिबात मॅच दिसत नव्हती तीच उंचीला जास्त जवळ होती.

आणि उंचीच का महत्त्वाची? कारण एका धुरीवरची दोन चाकं वेगळ्या उंचीची असली की लहान चाक एका किलोमीटरमध्ये जास्त फेऱ्या मारतं. चालत्या धुरीमधला डिफरेन्शियल हा फरक सांभाळतो. पण तो मुळात वळणासाठी आहे. सरळ रस्त्यावरही त्याला सतत काम करायला लावलं तर तो तापतो, झिजतो. एबीएस, जे बॉश आणि मर्सिडीजनं १९७८ मध्ये आणलं, तेही चाकांच्या फेऱ्याच मोजतं. एक चाक जास्त फिरतंय असं दिसलं की दिवा लागू शकतो. आणि चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत तर हे आणखी नाजूक. सुबारूच्या जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांमध्ये लहान स्पेअर लावला की बॉनेटखाली एक फ्यूज बसवायचा असायचा, म्हणजे मागच्या चाकांची ताकद बंद आणि गाडी फक्त पुढच्या चाकांवर.

हे वाचून "मग उंची सारखी असली की झालं" असं समजू नका. बारीक टायरची पकड वेगळी. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारलात तर ते कळेल. म्हणूनच ते ८० चं स्टिकर.

खरी चूक कुठे होती

मी विजयी मुद्रेनं हा हिशोब बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून वाचला. म्हणाले, "बरं. लाव मग."

जॅक लावला, चाक बदललं, जॅक खाली केला. आणि स्टेपनी हळूहळू बसली. हवाच नव्हती. सात वर्षं कोणी भरलीच नव्हती.

इथे माझं गणित, इतिहास, मॅन्युअल सगळं गार. आम्ही ऑफिसमध्ये म्हणतो की ज्या बॅकअपवरून कधी रिस्टोअर करून पाहिलं नाही तो बॅकअप नव्हेच. तोच प्रकार.

थोड्या वेळानं एक ट्रक थांबला. ड्रायव्हर वऱ्हाडातले, पन्नाशीचे. त्यांनी ट्रकच्या हवेच्या टाकीला पाइप जोडला आणि पाच मिनिटांत हवा भरून दिली. भरताना स्टेपनीकडे बघून हसले. "बारकी हाय, पण चालते ना भाऊ. आमच्याकडे तर स्टेपनी म्हंजे सगळ्यात घिसलेला टायर. पण मागच्या जोडीत कधी उंच-ठेंगणा लावत नाही आपण. उंचावर सगळा लोड येते अन् तो फुटते." जोडचाकांच्या धुरीचं अख्खं शास्त्र त्यांनी तीन वाक्यांत सांगितलं. पैसे घेतले नाहीत. आजीनं लाडवांचा एक डबा दिला, तो घेतला.

मग त्यांनीच टायरच्या भिंतीवर टॉर्च मारला. "डेट बघा." तिथे एका लांब कोडच्या शेवटी चार आकडे होते: १२१६. म्हणजे २०१६ सालचा बारावा आठवडा. टायर एकही किलोमीटर न चालता पावणेआठ वर्षांचा झाला होता. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. नक्षी कोरी, पण आतून कडक. "हळू जा," ते म्हणाले.

समृद्धीवर कारला मर्यादा १२० ची आणि ट्रकला ८० ची. आम्ही सिन्नरपर्यंत ट्रकांच्या मागे, ७० नं गेलो. शेजारून गाड्या सुंईसुंई जात होत्या. बाबा पूर्ण वेळ गप्प. सिन्नर जवळ आल्यावर एकदाच बोलले. "तो दर सर्व्हिसिंगला विचारायचा. स्टेपनीत हवा भरू का म्हणून. मीच म्हणायचो राहू दे, डिकीत सामान आहे."

तो म्हणजे गॅरेजवाले काका.

आणि आता स्टेपनीच नाही

इतिहासाचा शेवटचा टप्पा पटकन सांगतो, कारण तो तुमच्या पुढच्या गाडीत असणार आहे. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारनं मोटार वाहन नियमांत बदल केला, तो १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झाला. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर असतील, सोबत पंक्चरचं किट असेल आणि टायरमधली हवा दाखवणारी यंत्रणा असेल, तर स्पेअर चाक द्यायची गरज नाही. इलेक्ट्रिक गाड्यांना बॅटरीसाठी जागा हवी, त्यांना हे सोयीचंच.

किट म्हणजे टायरमध्ये सोडायचा चिकट द्रव आणि छोटा पंप. खिळ्याच्या भोकावर चालतो. भिंत फाटली असेल तर त्याचा उपयोग नाही. म्हणजे आपण १९०४ च्याही आधी पोचलो: पाचवं चाक नाही, रस्त्यातच ठिगळ.

तर बाबांच्या प्रश्नाचं उत्तर. पूर्ण आकाराची स्टेपनी कायम वापरायची असेल, आळीपाळीनं फिरवायची असेल, तर हो: साइज, प्रकार, भार आणि वेगाचा निर्देशांक सगळं बाकीच्यांशी जुळलं पाहिजे. निदान त्याच धुरीवरच्या जोडीदाराशी तरी. पंक्चरवाल्यापर्यंतच जायचं असेल तर नाही: मॅन्युअलनं जे दिलंय ते चालतं, त्याच्या अटींवर. कंपनीचा शिक्का किंवा अलॉयची चमक जुळण्याशी याचा काही संबंध नाही. आणि दोन्ही बाबतींत हवा लागते.

आज घरी गेलात की पाच मिनिटं काढा. स्टेपनी आहे का बघा. साइज वाचा, स्टिकर वाचा, शेवटचे चार आकडे वाचा. पुढच्या वेळी पंपावर पाचव्यातही हवा भरून घ्या, मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेवढी.

आमच्याकडे पुढे काय झालं? बाबा काकांना काही बोललेले नव्हतेच, आळ गाडीतच घेतला होता आणि गाडीतच परत घेतला. काकांना आजपर्यंत माहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उरलेला लाडवांचा डबा घेऊन गॅरेजवर गेले. मी सोबत होतो. काकांनी विचारलं, "काय साहेब, आज काय काम?"

बाबा म्हणाले, "काही नाही. नवी स्टेपनी टाकायचीय. टायर तेवढा बदल, डिस्क तीच ठेव."

"साइज?"

"आहे तोच," बाबा म्हणाले. "बरोबर आहे तो."

भेटूया पुढच्या भागात. तोवर हवा तपासा, मंडळी.